आठ घरांत मावणारं पाणी

प्रोजेक्ट एक्झिबिशनच्या दिवशी आपल्या लॅबमध्ये एक चक्कर मारा आणि फक्त डिस्प्ले वाचत चला. पहिल्या टेबलावर 'वेलकम'. दुसऱ्यावर 'वेलकम टू अवर प्रोजेक्ट'. तिसऱ्यावर 'टेंपरेचर', आणि पुढे जागा संपली म्हणून अर्धवट राहिलेला आकडा. सगळं इंग्रजीत. आता प्रोजेक्टचे विषय बघा. ठिबक सिंचन, दूध संकलन, द्राक्षबागेतलं हवामान, बोअरची मोटर. रिपोर्टच्या पहिल्या पानावर हे सगळं शेतकऱ्यासाठी आहे असं लिहिलेलं असतं. शेतकऱ्यासाठी बनवलेल्या पेटीवर शेतकऱ्याला वाचता येईल असा एक शब्द नसावा, ही गोष्ट आपल्यापैकी कुणालाच खटकत नाही का?

'मराठी वाचवा' छापाचा लेख मला लिहायचा नाही. तो अधिकारही मला नाही. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, आकडे मी अजूनही मनात इंग्रजीतच मोजते. मी लिहिणार आहे ते एका हिरव्या काचेच्या तुकड्याबद्दल. त्याच्यावर मराठी येत नाही असं आपण धरून चाललो आहोत. ती येते, आणि ती आणणं हे आपलंच काम आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मंडळींसाठी थोडी ओळख. १६×२ एलसीडी म्हणजे दोन ओळी आणि प्रत्येक ओळीत सोळा घरं. हा डिस्प्ले चालवणारी मूळ चिप हिताची कंपनीची, एचडी४४७८०. ती १९८० च्या दशकातली. आज बाजारात तिच्या नकला मिळतात, पण सगळ्या तिच्याच पद्धतीने चालतात. चिपच्या पोटात अक्षरांचे आकार कायमचे कोरलेले असतात. इंग्रजी अक्षरं, आकडे, अंशाचं चिन्ह, ओहमचं चिन्ह, बाण. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या जपानी आवृत्तीत येनचं चिन्हही आहे. रुपयाचं नाही. ते असणारही कसं? डी. उदय कुमार यांनी काढलेलं आपलं रुपयाचं चिन्ह सरकारने स्वीकारलं १५ जुलै २०१० ला, आणि चिप त्याच्या कितीतरी आधीची.

पण चिप बनवणाऱ्यांनी एक खिडकी उघडी ठेवली आहे. चिपमध्ये ६४ बाइटची छोटी मेमरी असते, सीजीरॅम. तिच्यात आपण स्वतः काढलेली आठ चिन्हं भरता येतात. प्रत्येक चिन्हाला ५ ठिपके रुंदी आणि ८ ठिपके उंची. एका वेळी फक्त आठ, आणि वीज गेली की पुसली जातात, म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला दर वेळी पुन्हा भरायची. आपल्यातले बहुतेक जण या आठ जागांत काय भरतात? हसरा चेहरा, बदाम आणि बॅटरी. असो.

आता हे सगळं मला का सुचलं ते सांगते. मी जतची. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा तालुका, पुढे कर्नाटक. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधल्या गावांचा विषय काढला, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने जत कुठे आहे ते नकाशावर शोधलं. वाद सीमेचा दिसत होता, पण मुळाशी पाणी होतं. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून आमच्या बाजूला आणतात. ते जिथे पोचलं तिथली गोष्ट वेगळी आणि जिथे पोचलं नाही तिथली वेगळी. बाकी सगळा भरवसा बोअरवर. त्यामुळे आमच्याकडे मोटरची पेटी म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याखालोखाल महत्त्वाची वस्तू.

आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आण्णांनी, मोटर आपोआप बंद-चालू करणारी नवी पेटी बसवली. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, सगळ्यांच्या पेट्या सारख्याच बोलतात. एका रात्री अकराच्या सुमारास हॉस्टेलवर माझा फोन वाजला.

"आगं, मोटर बंद पडलीया. पेटीवर कायतरी आलंय. लिवून घे. डी, आर, वाय. मग जागा सोडलीया. मग आर, यू, एन."

"आण्णा, बोअरला पाणी नाही म्हणतंय ते."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मग तसं लिवायला काय झालतं त्येला?"

या प्रश्नाचं उत्तर मी शोधत बसले. 'ड्राय रन' हे शब्द पेटी बनवणाऱ्याच्या बाजूने बरोबर आहेत. पंप पाण्याशिवाय फिरतोय, तो जळू नये म्हणून बंद केला. पण रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभ्या असलेल्या माणसाला पंपाची अवस्था नको असते. पाणी आहे की नाही, परत येऊन झोपायचं की थांबायचं, एवढंच त्याला हवं असतं. म्हणजे नुसतं भाषांतर करूनही भागणार नाही. 'शुष्क धाव' लिहिलं असतं तर आण्णांनी मला फोन करून तेही अक्षर-अक्षर वाचून दाखवलं असतं! त्यांच्या प्रश्नातच खरा शब्द होता. पाणी नाही.

मग मी कागदावर चौकटी आखल्या आणि मोजलं. 'पाणी आहे' आणि 'पाणी नाही' हे दोन निरोप लिहायला किती चिन्हं लागतील? इंग्रजीसारखं एका अक्षराला एक घर द्यायला गेलं की मराठी संपलीच, कारण आपल्या बाराखड्या शेकड्यांनी आहेत. पण काना ही स्वतंत्र उभी रेघ आहे. ती पुढच्या घरात एकटी उभी राहू शकते. दीर्घ वेलांटीही तशीच, तिचा वरचा वळसा फक्त थोडा आखडतो. मग यादी अशी होते: प, काना, ण, दीर्घ वेलांटी, न, ह, अ, आणि मात्रेसकट हे. मोजा. बरोबर आठ! एकही जास्त नाही, एकही कमी नाही. 'आ' वेगळा काढायची गरज नाही, 'अ' पुढे काना ठेवला की झालं.

चिन्ह काढणंही अवघड नाही. आठ ओळींतली पहिली मात्रेला, दुसरी शिरोरेषेला, मधल्या पाच अक्षराच्या अंगाला आणि शेवटची उकाराला. पाच ठिपक्यांची किंमत डावीकडून १६, ८, ४, २, १. पेटलेल्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे त्या ओळीचा आकडा. प असा होतो: ०, ३१, १८, १८, ३०, २, २, ०. काना: ०, ३१, ४, ४, ४, ४, ४, ०. ण ला तीन उभ्या रेघा आणि मध्ये दोन फटी लागतात, म्हणजे बरोबर पाच ठिपके, जणू त्याच्यासाठीच घर बांधलं होतं. ह मात्र छळतो. त्याची वळणं पाच ओळींत बसवायला रबराने कागद फाटेपर्यंत खोडावं लागतं. मात्रा आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले तर वर गर्दी होते, तेव्हा शक्यतो तसा शब्दच टाळायचा. ऱ्हस्व वेलांटी डिस्प्लेला अक्षराच्या आधी पाठवायची, बोलताना ती नंतर येत असली तरी. आणि सी मध्ये प्रोग्राम करणाऱ्यांसाठी एक युक्ती: शून्य नंबरचं चिन्ह स्ट्रिंगमध्ये टाकलं की स्ट्रिंग तिथेच संपते. शून्याऐवजी ८ लिहा, चिप तेच चिन्ह दाखवते.

आता दोन तक्रारी येतील हे मला माहीत आहे.

पहिली तक्रार दिसण्याची. दोन घरांच्या मध्ये काचेवरच फट असते, तिथे ठिपका नाही. त्यामुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. तुटलेल्या रेषेचं मराठी म्हणजे दात पडलेल्या माणसाचं हसू, असं माझी रूममेट म्हणाली. तिला मी हिताचीचीच गोष्ट सांगितली. एखादी डेटा लाइन सैल झाली की आपल्या डिस्प्लेवर विचित्र अक्षरं येतात आणि आपण 'चायनीज आलं' म्हणून ओरडतो, आठवतं? ते चायनीज नसतं. ती जपानी काताकाना लिपी असते. चिप जपानची, म्हणून त्या लोकांनी कायमच्या कोरलेल्या अक्षरांत स्वतःची लिपी घातली. तीसुद्धा तडजोड करून. जपानीत 'का'च्या वरच्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा दिल्या की 'गा' होतो. छोट्या घरात त्या रेघा मावेनात, तेव्हा त्यांना शेजारचं स्वतंत्र घर दिलं. ही सोय त्यांच्या १९६९ च्या मानकातच होती. म्हणजे दिसायला थोडं विस्कटलेलं चाललं, पण आपल्या माणसाला वाचता आलं पाहिजे, हे त्यांनी आधी ठरवलं. आपण मात्र शिरोरेषा तुटते म्हणून मराठीच नको म्हणतो. पाटीवर अक्षर गिरवताना आपल्या सगळ्यांचीच शिरोरेषा तुटत होती. म्हणून कुणी शाळेतून नाव काढलं नाही.

जपानपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली वसलेली. तिथे पंप बनतात हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. पण तिथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं, तेच पुढे 'किर्लोस्कर' झालं. खिळे जुळवायला आणि टाइपरायटरला मराठीची अक्षरसंख्या फार होते, म्हणून सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली होती. अि, अी, अु, अू, अे अशी. 'किर्लोस्कर'ने ती बरीच वर्षं छापली. आज ती वाचताना डोळ्यांना अडखळायला होतं, आणि ती सरसकट टिकली नाही हेही खरं. पण विचार करण्याची पद्धत बघा. यंत्रात अक्षरं मावत नाहीत तर चला इंग्रजीत छापू, असं त्यांनी म्हटलं नाही. यंत्रात मावेल अशी अक्षरं शोधली. पंप बनवणाऱ्या गावाने हे त्या काळी केलं, आणि पंपाच्या पेटीवरचे दोन शब्द आपल्याला आज जमत नाहीत?

दुसरी तक्रार जास्त हुशार आहे. 'कशाला आठ चिन्हांशी झटापट? ओएलईडी घे, ग्राफिक एलसीडी घे, हवा तो फाँट दाखव.' जरूर घ्या. पण प्रोजेक्टमध्ये आपण जो छोटा ०.९६ इंची ओएलईडी लावतो तो बोटाच्या पेराएवढा. भर उन्हात, चष्मा घरी राहिलेल्या माणसाला तो वाचायला लावून बघा. आणि मुख्य म्हणजे, ओएलईडी लावलेल्या प्रोजेक्टवर तरी कुठे मराठी दिसते? तिथेही 'वेलकम'च असतं, फक्त जास्त सुंदर. म्हणजे अडचण ठिपक्यांची नव्हतीच. वाचणारा कोण, हे आपण ठरवलेलं नाही, ही अडचण आहे.

काही जण म्हणतील, शब्द नकोत, चित्रं वापरा, चित्राला भाषा नसते. यात तथ्य आहे, आणि आमच्या जतमध्ये तर जास्तच. सीमेवरच्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. तिथे 'पाणी नाही' म्हणजे 'नीर इल्ला'. कन्नड लिपी गोलाकार, तिची जोडाक्षरं खाली लोंबतात, आठ ओळींत तिचे हाल मराठीपेक्षा वाईट. तिथे पाण्याचा थेंब उपयोगी पडतो. भरलेला थेंब ४, ४, १४, १४, ३१, ३१, ३१, १४ आणि रिकामा ४, ४, १०, १०, १७, १७, १७, १४. काढून बघा, कुणालाही कळतो.

पण चित्राला भाषा नसते हे काही पूर्ण खरं नाही. वीज आली हे दाखवायला आपण पटकन नागमोडी बाण काढतो. आमच्या गावात तसा बाण डीपीच्या पाटीवर असतो आणि त्याचा अर्थ 'धोका, हात लावू नका' असा आहे. ते चित्र बघून आण्णा पेटीपासून चार पावलं मागे सरकतील! शिवाय शेतकऱ्याचा प्रश्न 'वीज आली का' एवढाच नसतो, 'थ्री फेज आली का' असा असतो. एक फेज गेली तर घरात दिवा लागलेला दिसतो, पण मोटर चालवायची नसते. जुन्या स्टार्टरच्या पेटीवर यासाठी लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असतात, आणि लोक तेच बघतात. मग चित्र तेच काढा ना. घरात तीन उभ्या रेघा म्हणजे तीन फेज, एक रेघ नाही म्हणजे एक फेज नाही. हे चित्र कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते बांधावरच सापडतं.

म्हणून माझं मत असं की शब्द की चित्र हे भांडणच चुकीचं आहे. 'पाणी नाही' एवढं एकाच वेळी दाखवायला सहा चिन्हं लागतात, 'पाणी आहे'लाही सहाच. निरोप बदलताना आधी स्क्रीन पुसायचा, नवी चिन्हं भरायची, मग लिहायचं. न पुसता भरलं तर आधीचं अक्षर डोळ्यांदेखत बदलतं, कारण चिप सतत तिथूनच वाचत असते. म्हणजे प्रत्येक निरोपाला दोन जागा शिल्लक राहतात, थेंबाला एक, तीन रेघांना एक. 'वीज आली' आणि 'वीज गेली' दोन्ही मिळून सात चिन्हांत होतात. 'ओव्हरलोड'ला 'अतिभार' कशाला? 'लोड जास्त' लिहा. सगळा तालुका लोडच म्हणतो. मराठी म्हणजे शुद्ध मराठीच असं कुणी सांगितलं? आणि प्रोग्राममधली जागा म्हणाल तर पन्नास चिन्हांचे होतात ४०० बाइट. साध्या ८०५१ च्या ४ केबी मेमरीचा दहावा हिस्साही नाही.

आता मागणी. लेख लिहिला की मागणी करायची पद्धत आहे म्हणून नव्हे, खरंच हव्या आहेत म्हणून.

एक, आपल्या डिपार्टमेंटने मराठी चिन्हांची एक सामायिक फाइल सुरू करावी. ज्याने जे अक्षर काढलं त्याने त्याचे आठ आकडे तिच्यात लिहायचे. पुढच्या वर्षीच्या मुलांना ह साठी रबर झिजवावं लागू नये. कन्नड येणारे मित्र हॉस्टेलवर आहेतच, त्यांनी आपलं पान उघडावं.

दोन, सरांना आणि मॅडमना नम्र विनंती. प्रोजेक्टच्या ओरलला 'कुठला कंट्रोलर वापरला' हे विचारताच. त्याबरोबर 'हा डिस्प्ले कोण वाचणार' हेही विचारा, आणि त्याला थोडे मार्क ठेवा. मार्क असले की आपण काय काय करतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

तीन, सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या मोटरवाल्या माणसाला एक प्रश्न विचारा. पेटी बोलायला लागली तर तिने काय म्हणावं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. कोल्हापूरचं वेगळं येईल, सोलापूरचं वेगळं. डिक्शनरीतून हे शब्द मिळणार नाहीत.

आणि सुरुवात कुठून करायची? आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती भरली की रिकामी, हे बघायला वॉचमनकाका दिवसातून चार वेळा जिना चढतात, आणि मेसच्या मावशींना टाकी संपल्याचं नळ कोरडा पडल्यावर कळतं. सेन्सर, कंट्रोलर आणि एक १६×२ डिस्प्ले, सगळं मिळून आपल्या दोन-चार संध्याकाळचं काम आहे. डिस्प्ले मेसच्या दारावर लावू. त्यावर 'वेलकम' नको. आठ चिन्हं कुठली भरायची ते वर दिलंच आहे.

– टी. ई., इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन